बालपिशाचकल्पना व मराठी भयपट

अकाली, अपघाताने किंवा हत्येने मृत्यू पावलेले मूल घराभोवती वा गावाच्या शिवेवर घुटमळत राहते, या समजुतीस बालपिशाचकल्पना म्हणता येईल. जगातील अनेक कृषिसमाजांत ती आढळते आणि विसाव्या शतकात ती चित्रपटाचा आवडता विषय बनली. मराठीत लपाछपी (२०१७) हा या प्रकारचा सर्वांत उल्लेखनीय चित्रपट होय. मृत मुलांच्या कथा केवळ भय निर्माण करण्यासाठी सांगितल्या जातात, असे वरवर पाहता वाटते. परंतु त्यांच्या मुळाशी एक प्रश्न सतत असतो : मूल कोणी नेले? या प्रश्नाला महाराष्ट्रात वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे मिळाली. प्रथम उत्तर देवतेकडे बोट दाखविणारे होते आणि अखेरीस ते घरातल्या माणसांपाशी येऊन थांबले. मराठी भयपटाचे महत्त्व या बदलात आहे. मराठवाड्यातील वसमत (जि. हिंगोली) व त्याच्या आसपासचा पूर्णा नदीकाठचा प्रदेश या स्थित्यंतराच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे, कारण संतचरित्रांतील कथा, निजामी राजवट, धरणाचे पाणी आणि ऊस यांचे थर तेथे एकावर एक चढलेले दिसतात.

प्राचीन वाङ्मयात मुलांना पछाडणाऱ्या शक्तींना ‘बालग्रह’ अशी संज्ञा आहे. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाच्या परिवारातील ग्रह व माता यांचे वर्णन येते. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्या मुलांस पीडा देतात, असे तेथे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका व नैगमेष असे नऊ बालग्रह सांगितले असून प्रत्येकाची लक्षणे व उपचार स्वतंत्रपणे दिले आहेत. वैद्यकाचा ग्रंथ असूनही त्यात बली, धूप व रक्षाविधान यांना औषधाच्या बरोबरीचे स्थान आहे. या सर्व ग्रहांत मुलाला छळणारी शक्ती बाहेरून येते. मूल स्वतः मात्र कधी भूत होत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

बौद्ध परंपरेतील हारितीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. पूर्वजन्मी राजगृहातील गर्भपात झालेल्या एका स्त्रीने सूडाच्या भावनेने त्या नगरातील मुले खाण्याचा संकल्प केला आणि पुढील जन्मी ती यक्षिणी झाली. पाचशे मुलांची आई असूनही ती इतरांची मुले पळवीत असे. बुद्धाने तिचे एक मूल भिक्षापात्राखाली लपविले, तेव्हा तिला इतर मातांचे दुःख कळले व ती बालकांची रक्षक बनली. अजिंठ्याच्या क्र. २ च्या लेण्यात पांचिक व हारिती यांची मोठी शिल्पे आहेत. विहारांच्या भोजनगृहात तिची प्रतिमा असे व तिला रोज अन्न अर्पण केले जाई, असे चिनी प्रवासी इ-त्सिंग (६३५–७१३) याने नमूद केले आहे. न जन्मलेल्या मुलाचा शोक आणि सूड यांना एकत्र जोडणारी ही कदाचित भारतातील सर्वांत जुनी सुविकसित कथा असावी. आधुनिक भयपटाने तिचाच धागा, बहुधा नकळत, पुन्हा हाती घेतला.

महाराष्ट्राच्या घराघरांत मात्र हारितीचे नव्हे, तर सटवाईचे राज्य होते. षष्ठी या संस्कृत नावावरून हे नाव आले असून मूल जन्मल्यापासून पाचव्या वा सहाव्या रात्री तिचे पूजन करतात. पाटा-वरवंटा मांडून त्यास हळदकुंकू वाहतात, शेजारी कोरा कागद व लेखणी ठेवतात, दिवा मालवू देत नाहीत आणि बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर जागरण करतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते, अशी श्रद्धा आहे. झोपेत मूल हसले वा रडले, तर सटवाई त्याला हसविते वा रडविते, असे घरातील वडीलधाऱ्या बायका सांगतात. ती प्रसन्न राहिली तर रक्षण करते. रुष्ट झाली तर मूल नेते. दा. ध. कोसंबी (१९०७–६६) यांनी पुणे परिसरातील अशा मातृदेवतांच्या ठाण्यांची हिंडून पाहणी केली होती. गावकुसाबाहेर वा आडवाटेवर असलेली ही ठाणी मुख्य देवळांहून निराळ्या, बव्हंशी बायकांच्या, पूजाविश्वाची साक्ष देतात. श्रावणातील शुक्रवारी पुजली जाणारी जिवती ही याच कुळातील. तिच्या छापील पटावरील जरा-जिवंतिकांपैकी जरा ही जरासंधाच्या शरीराचे दोन तुकडे सांधणारी महाभारतातील राक्षसी होय.

सहाव्या रात्रीचे हे भय निराधार नव्हते. नाळ कापताना झालेल्या जंतुसंसर्गामुळे होणारा नवजात बालकाचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस प्रकट होतो. मूल अंगावर पिईनासे होते, त्याचा जबडा बसतो आणि शरीर ताठ होऊन धनुष्यासारखे वाकते. ज्यांनी हे दृश्य पाहिले, त्यांना मुलाच्या अंगात कोणी शिरले आहे असे वाटल्यास नवल नाही. नवजात बालकांच्या धनुर्वाताचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले. भारतातील अर्भकमृत्यूचे प्रमाण नमुना नोंदणी पद्धतीनुसार १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ होते. २०२० मध्ये ते २८ वर आले आणि महाराष्ट्रात १६ इतके नोंदले गेले. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सटवाईच्या सत्तेला लागलेली ही ओहोटी अगदी अलीकडची आहे, हे या सनांवरून स्पष्ट होते.

देवतेला फसविण्याचे उपायही लोकांनी शोधले होते. आधीची मुले दगावली असतील, तर नव्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरबा, कचरू किंवा भिका असे ठेवीत; असले नाव ऐकून मृत्यूने मुलाकडे पाहू नये, ही त्यामागची कल्पना. मुलाचे नाक टोचून त्याला मुलीसारखे वाढवीत. नथू हे नाव त्यावरून पडले. मुलगी मृत्यूलाही नकोशी असणार, असे गृहीत धरल्याखेरीज ही युक्ती सुचणे शक्य नव्हते. लोकसमजुतीतील हा निर्दय तपशील फारसा लक्षात घेतला जात नाही.

मूल दगावल्यानंतर त्याचे काय होते, याविषयी धर्मशास्त्र व लोकसमजूत यांच्यात अंतर पडते. दोन वर्षांखालील मुलाचे दहन करू नये, त्यास गावाबाहेर शुद्ध भूमीत ठेवावे व अरण्यात लाकूड टाकून यावे तसे परतावे, असे मनुस्मृती सांगते. उदकदान नाही, अस्थिसंचय नाही आणि पितरांच्या पंक्तीत स्थानही नाही. शास्त्राच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की अशा मुलाला प्रेतत्व येत नाही आणि म्हणून त्याच्या सुटकेसाठी विधीची गरज नाही. लोकमानसाने मात्र नेमका उलट निष्कर्ष काढला : ज्याचे काही केले नाही, ते सुटणार कसे? पुरलेल्या जागेवर दगड व बाभळीच्या काट्या रचताना कोल्ह्या-कुत्र्यांपासून संरक्षण हा हेतू असे. पण ती जागा पुढे मुलाबाळांनी टाळावयाची जागा होऊन बसे.

मराठी भूतसृष्टीची वर्गवारी पाहिली, तर या संदिग्धतेचा प्रत्यय येतो. आर्थर जॅक्सन यांच्या टिपणांच्या आधारे रे. ए. एंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातील लोकसमजुतींचे संकलन प्रसिद्ध केले. हडळ, जखीण, खवीस, समंध, वेताळ, आसरा अशा अनेक प्रकारांत बाळंतपणात मेलेल्या स्त्रीला ठळक जागा आहे. परंतु तिच्याबरोबर गेलेल्या मुलाची स्वतंत्र जात नाही. अपवाद मुंजाचा. मुंज झाल्यानंतर व सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो व पिंपळावर किंवा विहिरीत राहतो, असे मानतात. तो सहसा जीव घेत नाही, भिववितो. मराठवाड्यात व खानदेशात पिंपळाखालच्या शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपाने मुंजा वा मुंजोबा गावदेव होऊन बसला आहे. त्याला नारळ वाहतात. मुंजाला मुलगा असण्याचा आणि संस्कार झालेला असण्याचा लाभ मिळाला. ज्या मुलीचा कोणताच संस्कार झाला नाही, तिच्यासाठी लोकधर्माने दगडही मांडला नाही.

याच समाजात मृत मूल परत येण्याची दुसरी एक परंपरा होती आणि ती भयाची नव्हे, तर कृपेची होती. श्रीधरांच्या शिवलीलामृतात (१७१८) श्रियाळ व चांगुणा हे दांपत्य अतिथिरूपाने आलेल्या शिवाच्या इच्छेखातर चिलया या पुत्राचा वध करते; चांगुणा त्याचे मस्तक उखळात कांडते. शेवटी अतिथीच्या आज्ञेने ती बाळाला हाक मारते आणि ते धावत येते. गोरा कुंभाराच्या चरित्रात भजनाच्या तंद्रीत बाप माती तुडवताना रांगते मूल पायाखाली तुडवितो आणि विठ्ठल ते परत देतो. गोरोबा तेरचे, त्यांनी ज्यांची कच्च्या मडक्याप्रमाणे परीक्षा घेतली, त्या नामदेवांचे नर्सी हे जन्मस्थान मानले जाते. नर्सी आणि विसोबा खेचरांची भेट झाली ते औंढा नागनाथ ही दोन्ही गावे वसमतप्रमाणेच आज हिंगोली जिल्ह्यात आहेत. या प्रदेशातील कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या गेलेल्या या कथांत एक बाब समान आहे : मुलाचा प्राण आईबापांच्याच हातून जातो. कथा ती गोष्ट लपवीत नाही. पण मूल परत मिळाल्यामुळे तिचा हिशेब मागण्याचे कारण उरत नाही.

भारतीय चित्रपटाचा आरंभ याच प्रकारच्या कथेने झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी प्रदर्शित झाला. त्यात रोहिदासाची भूमिका फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केली होती. रोहिदास मरतो, आई त्याच्यासाठी आक्रोश करते आणि अखेरीस देवकृपेने तो उठून बसतो. पडद्यावर मृत मूल परत आलेले भारतीय प्रेक्षकांनी पाहिले ते असे. प्रभात कंपनीने १९३२ मध्ये अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट काढला, तेव्हाही कथा हरिश्चंद्राचीच निवडली. गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या त्यांत प्रमुख भूमिका होत्या. ट्रिक फोटोग्राफीचे सामर्थ्य दाखविण्यासाठी पौराणिक चमत्कार सोयीचे होते, हे खरे; पण ज्या काळात बहुतेक घरांतून एखादे तरी मूल गेलेले असे, त्या काळात रोहिदासाचे उठून बसणे प्रेक्षागृहातील स्त्रियांना केवळ चमत्कार वाटले नसणार.

दरम्यान, एकोणिसाव्या शतकात प्रश्नाला तिसरे उत्तर मिळू लागले होते. बालकन्याहत्येविरुद्ध ब्रिटिश सरकारने १८७० मध्ये केलेला कायदा आरंभी मुख्यत्वे उत्तरेकडील प्रांतांना लागू होता. महाराष्ट्रात चर्चेत आला तो निराळा प्रकार : पुनर्विवाहाची बंदी असलेल्या विधवांच्या मुलांची हत्या. पुण्यातील एका ब्राह्मण विधवेने नवजात मूल मारून विहिरीत टाकले व तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ही हकीकत जोतीराव फुले यांनी मलबारी यांच्या टिपणांवर १८८४ मध्ये दिलेल्या अभिप्रायात नमूद केली आहे. जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे विधवांनी गुप्तपणे येऊन सुरक्षित बाळंत व्हावे, असे जाहीर आवाहन केले आणि तेथे जन्मलेल्या यशवंत या मुलाला पुढे दत्तक घेतले. पंढरपुरासही १८७५ मध्ये तशी संस्था निघाली. १८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा ठोठावण्यात आली व अपिलात ती कमी झाली. त्या वेळी वृत्तपत्रांतून स्त्रियांवर जी आगपाखड झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) लिहिली. मूल मारणारी बाई दिसते, तिला त्या विहिरीपर्यंत आणणारा पुरुष व समाज का दिसत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. बुलढाणा तेव्हा इंग्रजांच्या कारभाराखालील वऱ्हाडात होते. तेथून आग्नेयेस असलेले वसमत मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते व सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेच राहिले. मराठी मुद्रणाची व सुधारणावादाची ही खळबळ तेथे क्षीण होऊन पोहोचली.

मराठी चित्रपटाने हे तिसरे उत्तर स्वीकारण्यास फार वेळ लावला. भयपट हा प्रकारच मराठीत उशिरा रुजला. वसंत जोगळेकर यांचा हा खेळ सावल्यांचा (१९७६) लोकप्रिय झाला तो भयाइतकाच गाण्यांमुळे. महेश कोठारे यांच्या झपाटलेला (१९९३) व पछाडलेला (२००४) यांनी भुताला विनोदाच्या दावणीला बांधले. नारायण धारप (१९२५–२००८) व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथांनी वाचकांना जी भीती दिली, तिचा अंशही दीर्घकाळ पडद्यावर आला नाही.

विशाल फुरिया दिग्दर्शित लपाछपी १४ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झाला. कर्जाच्या वसुलीसाठी मागे लागलेल्या माणसांपासून बचाव करण्यासाठी एक तरुण जोडपे शहर सोडून ओळखीच्या माणसाच्या खेड्यातील घरी आश्रय घेते. पत्नी नेहा (पूजा सावंत) आठ महिन्यांची गर्भवती आहे. घर चहूबाजूंनी उसाने वेढलेले. घरात तुळसाबाई (उषा नाईक) ही प्रेमळ पण करडी स्त्री. नेहाला उसात लपंडाव खेळणारी मुले दिसू लागतात, अंगाईचे सूर ऐकू येतात आणि मुलांनी तिच्या गर्भावर डोळा ठेवला आहे असे वाटू लागते. प्रेक्षकही बराच काळ असेच मानतो, की धोका उसाकडून येत आहे. सटवाईच्या कथेने त्याला तसेच शिकविलेले असते. पुढे उलगडते ते असे, की या घराने व गावाने आपल्या मुली जन्मताच संपविल्या आहेत आणि नेहाच्या जिवाला व पोटातील मुलाला खरा धोका घरातून आहे. उषा नाईक यांनी तुळसाबाई क्रूर म्हणून नव्हे, तर आयुष्यभर जे मिळाले तेच पुढे देणारी बाई म्हणून उभी केली आहे. चित्रपटाचे खरे भय तिच्या मायाळू आवाजात आहे. उत्तरार्धात वास्तव समजावून सांगण्याचा सोस वाढतो आणि त्याने पूर्वार्धातील ताण काहीसा सैलावतो, हे चित्रपटाचे न्यून होय.

भुतांसाठी उसाचे रान निवडणे हे केवळ छायाचित्रणाच्या सोयीचे नव्हते. पिंपळ, विहीर, शीव व स्मशान या भुतांच्या जुन्या जागा. ऊस ही नवी. वसमत परिसरात एका पिढीपूर्वीपर्यंत ज्वारी व कापूस ही मुख्य पिके होती. पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६० च्या दशकात उभी राहिल्यावर कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला आणि वसमत येथे पूर्णा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. बाजारात हळदीची उलाढाल तर इतकी, की वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्वारीचे पीक चारपाच महिन्यांत निघते. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा राहतो, पुरुषभर उंचीच्या वर जातो आणि आत शिरलेल्याला दोन सऱ्यांपलीकडचे दिसत नाही. म्हणजे ज्या पाण्याने व पैशाने खेडे आधुनिक झाले, त्यानेच गावाला लागून वर्षभर न उलगडणारे एक अरण्य आणले. लपाछपीतील भूत जुने असले, तरी त्याचे घर बागायती समृद्धीचे आहे.

कन्यागर्भाच्या हत्येचा इतिहासही असाच आहे. ती मागासलेपणाची खूण मानली जाते. प्रत्यक्षात ती रस्ता, रुग्णालय, यंत्र व हाती खेळणारा पैसा यांच्या पाठोपाठ आली. गर्भजलपरीक्षेचा लिंगनिदानासाठी होणारा वापर १९८० च्या दशकात मुंबईत उघड झाला, स्त्री-संघटनांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील या विषयावरचा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला व १९९६ पासून अमलात आला. तोवर सोनोग्राफीची यंत्रे तालुक्याच्या गावी पोहोचली होती. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ अशी घसरत गेली. मराठवाड्यातच असलेल्या बीड जिल्ह्यात ती २०११ मध्ये ८०७ होती. लपाछपी प्रदर्शित होण्याच्या चार महिने आधी, मार्च २०१७ मध्ये, सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. चित्रपट त्यापूर्वीच तयार झालेला होता. प्रेक्षक मात्र म्हैसाळची बातमी वाचून चित्रपटगृहात आले आणि त्यामुळे उसातील मुलांना एक पत्ता मिळाला.

फुरिया यांनीच या कथेचे छोरी (२०२१) हे हिंदी रूप केले. नुसरत भरुचा व मीता वसिष्ठ यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटात ऊस कायम राहिला, खेडे मात्र उत्तर भारतीय झाले. एप्रिल २०२५ मध्ये छोरी २ प्रदर्शित झाला. आदित्य सरपोतदार यांच्या मुंज्या (२०२४) या हिंदी चित्रपटाने कोकणातील मुंजाची कथा देशभर नेली. १९५२ मध्ये मेलेला एक हट्टी मुलगा स्वतःच्या बहिणीच्या नातवाला पछाडतो व अपुरे राहिलेले लग्न लावून मागतो, अशी ती कथा. दोन्ही चित्रपटांत कुटुंबाला मृत मूल छळते. पण मुंजा हक्क मागतो, तर लपाछपीतील मुलींना मागण्यासारखे काही दिलेलेच नव्हते. शेंदराचा दगड ज्याला मिळाला, त्याच्या कथेत विनोद शिरू शकला.

इतर देशांतील उदाहरणांशी तुलना केल्यास मराठी कथेचे वेगळेपण कळते. गिलेर्मो देल तोरो यांच्या द डेव्हिल्स बॅकबोन (२००१) या स्पॅनिश चित्रपटात अनाथाश्रमातील मृत मुलगा यादवी युद्धाच्या न फेडलेल्या हिशेबाचे प्रतीक आहे. जपानमधील जू-ऑन : द ग्रज (२००२) यात बापाने मारलेला मुलगा त्या घरात येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ग्रासतो. त्याच देशात गर्भपात झालेल्या वा मृत जन्मलेल्या मुलांसाठी जिझो या बोधिसत्त्वाच्या छोट्या मूर्ती वाहण्याचा विधी १९७० च्या दशकापासून फार फैलावला. तेथे अशा मुलाला निदान लाल टोपडे घातलेला दगड मिळतो. मराठी कथेला सर्वांत जवळची आहे ती नॉर्वेतील उटबुर्ड ही समजूत. बाप्तिस्मा न करता रानात टाकून दिलेले नवजात मूल रात्री रडत राहते, वाटसरूंच्या पाठीशी लागते आणि आपल्या आईची ओळख सर्वांसमक्ष सांगते. काही कथांत त्याला एकच गोष्ट हवी असते : नाव. कोणी धीर करून नाव दिले, की ते गप्प होते.

दगडू आणि केरबा ही नावे मुलगा जगावा म्हणून होती. सातारा जिल्ह्यात मुलगाच हवा असलेल्या घरांत लागोपाठ मुली झाल्यावर पुढच्या मुलीचे नाव नकुशी ठेवण्याची रीत होती. हे नाव शाळेच्या हजेरीपटावरही चढे. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने अशा सुमारे २८५ मुलींना एकत्र बोलावून जाहीर समारंभात त्यांची नावे बदलली. नवे नाव प्रत्येकीने स्वतः निवडले होते.